आजोबांच्या हातातला प्लग

शनिवारच्या लग्नात अमेरिकेहून मागवलेला ॲम्प्लिफायर वाजला, तर कुबातला बॅण्डमध्ये बास गिटारची कायमची जागा मिळणार होती. त्यासाठी आजोबांनी आपली घोडी विकली होती. पण यंत्र एकशेवीस व्होल्टचं, नारिन गावातली वीज दोनशेवीसची. व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर संध्याकाळच्या गाडीने यायचा होता. नव्या वस्तूला आशीर्वाद द्यायला मंडळी दुपारीच जमली. “आजोबा, संध्याकाळपर्यंत…” “गप रे, आधी आशीर्वाद!” उघड्या तळहातांवर प्लग ठेवून आजोबा पुटपुटू लागले. आशीर्वाद तोडणं म्हणजे घरावर अरिष्ट; कुबात नुसत्या डोळ्यांनी विनवत राहिला. “ओमीन!” म्हणत आशीर्वाद संपवून आजोबांनी प्लग खोचला, बटण दाबलं. यंत्र किंचाळलं, जळून गप्प झालं. “अगदी माझ्या घोडीसारखं खिंकाळलं! धूर कसला रे?” “नवं आहे ना.” “शनिवारी लग्नात पुढेच बसतो!” कुबातने मान डोलावली. आजोबा खुशीत घरी निघाले, दोन कोस पायी.