सहीच्या जागी अंगठा

फॉर्मवर बापाची सही नव्हती, अंगठा होता. शाईनं बरबटलेला, रेघेच्या खाली घसरलेला.

शालीकरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बकाराम पंचानं अंगठा उठवावा? सगळ्या केशोरीत ज्याच्या सहीचं कौतुक होतं, शेवटच्या अक्षराला जो बैलाच्या शिंगासारखा फराटा ओढायचा, त्यानं?

"माय, हे का होय?" त्यानं कागद आईपुढे नाचवला.

रुख्मा तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "तुले परवानगी पायजे होती ना? देल्ली त्यायनं."

"ही परवानगी नाही, थट्टा आहे! कॉलेजात विचारतील, बाप अडाणी आहे का? तेच हवंय बाबांना." राग आला की शालीकराम शहरी बोलू लागे.

भांडण दोन वर्षांचं जुनं होतं. बकारामला पोरगा वकील करायचा होता. त्याचा स्वतःचा आवाज असा, की पंचायतीत तो बोलायला उठला की बाकीच्यांनी खाली बसावं. अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात पोरगा बी.ए. होऊन आला आणि म्हणाला, मी मुंबईला विद्यापीठात वाचा-उपचार शिकणार. जे अडखळतात, ज्यांची वाचा जाते, त्यांना बोलायला शिकवणार.

बकाराम आधी हसला, मग भडकला. "मुक्यायचा मास्तर व्हाले शिकवलं का तुले? जाय! आजपासून तुयं नाव माया तोंडात येनार नाई."

चार माणसांदेखत म्हणाला होता. शालीकरामही त्याचाच पोरगा; दोन वर्षं घरी फिरकला नाही. आता शेवटच्या वर्षी दवाखान्यात राहून शिकायचं, त्यासाठी बापाची संमती लागत होती, म्हणून नाइलाजानं दिवाळीनंतर आला. तर बाप शब्दाचा पक्का. तीन दिवसांत त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

पाया पडला, तेव्हा ओसरीवरच्या खाटेवर घोंगडं पांघरून बसलेल्या बापानं नुसतं पाहिलं. डोक्यावर हात ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या मंडईतली, दिवाळीनंतरच्या जत्रेतली जिलेबी आली, ती बापानं त्याच्यापुढे सरकवली. डाव्या हातानं! दारी आलेल्या भिकाऱ्यालाही कुणी असं देत नाही. शालीकरामनं जिलेबीला बोट लावलं नाही. संध्याकाळी ती मुंग्यांनी खाल्ली.

काल दुपारी जेवताना त्यानं मुद्दाम, ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात आईला आपल्या शिक्षणातलं एक उदाहरण सांगितलं. वॉर्डात एक म्हातारा सोनार होता. मेंदूत रक्त अडलं आणि एका झटक्यात त्याची वाचा गेली. उरला एकच शब्द, 'परवा'. पाणी हवं तरी परवा, बायको दिसली तरी परवा. शालीकरामनं चार महिने रोज त्याच्यापाशी बसून तीस शब्द त्याच्या तोंडात परत घातले.

"अन लय दिवस तसाच रायला असता त?" रुख्मानं विचारलं.

"मंग अवघड होतं. लवकर हाती लागला म्हनून जमलं."

रुख्माची पळी वरणात तशीच राहिली. "शालीक, एक सांगू का..."

ओसरीवर काठी खांबावर आपटली. रुख्मानं मान खाली घातली आणि मुकाट्यानं वाढू लागली. हा माणूस आईला पोराशी धड बोलूही देत नाही, या विचारानं शालीकरामचा घास कडू झाला.

आज तो अंगठ्याचा कागद घेऊन शालीकराम ओसरीवर गेला.

"बाबा, मी जाऊन राहिलो. आता येनार नाई. जाता जाता एक शिवी तरी द्या! तोंड शिवलं का तुमचं?"

बकारामचे ओठ हलले. मग त्यानं डावा हात तोंडावर दाबून धरला आणि भिंतीकडे मान वळवली.

"मुंबईत मुके माझ्याशी बोलतात," शालीकराम ओरडला, "आणि माझा बाप बोलत नाही!"

त्यानं कागद खाटेवर भिरकावला, ट्रंक उचलली आणि निघाला. रुख्मा दारापर्यंत धावत आली. "थांब ना रे."

"काऊन थांबू? कोनासाठी?"

गावाबाहेरच्या खळ्यापाशी पोचल्यावर डोकं जरा थंड झालं. थट्टेचा का असेना, त्या कागदाशिवाय त्याला दवाखान्यात कुणी घेणार नव्हतं. पुढच्या दारानं जायची लाज वाटली, म्हणून तो गोठ्याच्या बाजूनं, कुडाच्या आडोशानं आला.

आणि त्याला बापाचा आवाज ऐकू आला. तोच, पंचायतीतला, खणखणीत. म्हणजे पोराची पाठ वळली की वाचा फुटते! शालीकरामनं दात आवळले.

"शालीक," बाप म्हणाला.

शालीकरामचा पाय जागीच थांबला.

"पानी पायजे?" रुख्माचा आवाज. "घ्या."

"शालीक!"

"पानी नाई? मंग का, घोंगडं?"

"शालीक! शालीक!"

"हौ, समजलं, गाय सुटली." रुख्माला हुंदका आला. "तीन दिवस तोंड दाबून रायले त्याच्यापुढं. आता बोला, गेला तो."

शालीकरामनं कुडाच्या फटीला डोळा लावला. घोंगडं खाली घसरलं होतं. बापाचा उजवा हात मांडीवर लुळा पडला होता. डाव्या हातानं बकारामनं मडक्याकडं बोट केलं, मग गोठ्याकडं, मग दारातून दिसणाऱ्या रिकाम्या वाटेकडं, आणि तिन्ही वेळा म्हणाला, "शालीक."