दगडावरचं नाव

आंब्याच्या फांदीला भोंगा बांधला, तशी रुखमा बायांच्या मागं सरकून बसली.

नऊ ऑगस्ट. बेचाळीसच्या चळवळीत गेलेल्यांचा दगड आज गावात उभा राहणार होता. गडचिरोलीहून आलेल्या भैयाजींनी सांगून ठेवलं होतं, की प्रत्येकीनं भोंग्यातून आपल्या धन्याचं नाव घ्यायचं. कानी पडलं, की इसरू पाथरवट ते कोरील. सकाळपासून रुखमा ते नाव मनात घोळवत होती. आज ते तोंडातून निघालंच पाहिजे होतं.

शेजारी वच्छला. तिचा नवरा त्या साली जंगलात लपला होता. कोणीतरी शिपायांना जागा दाखवली, नि तो गोळी लागून पडला. दाखवली कोणी, ते कधी कळलं नाही. रुखमाच्या नवऱ्याचा तर देहही सापडला नाही. ओढ्याकाठी रक्तानं माखलेलं मुंडासं तेवढं मिळालं. त्यावरूनच गावानं तिच्या बांगड्या फोडल्या.

"हात काऊन गार पडले तुये?"

"शिपाई दिसले का भेव लागते मले, वच्छलाबाई."

"आता ते आपलेच हायेत." वच्छला हसली. "सकाळी रानात वास्ते आणाले गेलतीस ना? टोपली रिकामीच आणली. एवढ्या पावसात बांबूले कोंब नाई?"

रानडुकरांनी खाल्ले, असं रुखमा पुटपुटली.

वच्छला मग जुन्या गोष्टींत शिरली. उखाण्यासाठी बायांनी उंबऱ्यात कसं अडवलं होतं, तरी तोंडून नाव कसं निघालं नाही, पुढं सगळा संसार 'आयकलं का' वरच कसा निभावला.

"पयल्यांदा नाव घेतलं ते सरणापाशी. धनीच गेला, मंग कोनाची लाज?"

पुकारा झाला. वच्छला उठली. "मुखरू," ती स्वच्छ म्हणाली. इसरूची छिन्नी वाजली.

मग रुखमा. भोंग्यापुढं ती उभी राहिली. ओठ उघडले. नाव जिभेवर आलं, अन् तिथंच अडलं. कानशिलं लाल झाली. हात आपसूक पदराकडे गेला. पदर दातांत धरून तिनं मान खाली घातली.

राहू द्या बाई, म्हणत भैयाजींनीच सुकलूचं नाव घेतलं. बाया डोळे पुसू लागल्या.

रुखमा जागेवर येऊन बसली. वच्छलाचे डोळे कोरडे होते. बांगड्या भरताना धरतात, तसं तिनं रुखमाचं मनगट हळूच धरलं.

"कुठी हाये तो?"