खुर्चीतला खळगा

खुर्च्यांच्या गाद्या भरता भरता त्याचे केस पिकले होते. म्हणूनच लेकीबरोबर अठराव्या शतकातल्या त्या विचारवंताचं घर बघायला आला, तेव्हा दौत, चष्मा, पुस्तकं सगळं सोडून त्याची नजर दारात आडव्या लावलेल्या दोरीपलीकडच्या खुर्चीवरच खिळली.

गादीत खोल खळगा पडला होता.

“इथे कोण बसतं हो?” त्याने दाराशी स्टुलावर बसलेल्या राखणदार बाईंना विचारलं.

“छे! ते गेल्यापासून कुणी टेकलेलंसुद्धा नाही.”

घोड्याच्या केसांची गादी माणूस बसलेला असेपर्यंतच इतकी दबून राहते. तो उठला, की हळूहळू वर येते. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

“बाबा, चला ना. घामाघूम झालात,” लेक म्हणाली.

त्याच्या डोळ्यांदेखत खळगा भरू लागला. आधी कडा वर आल्या, मग मधला भाग, आणि गादी सपाट झाली.

बाई धडपडत उठल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दारातून बाजूला व्हा,” त्या कुजबुजल्या. “आधी मुलीला ओढा.”

दोरीचा आकडा कडीतून अलगद वर उचलला गेला.