क्लचवरचा पाय

गाडी चढावरच बंद पडली. मिस्त्रीने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं आणि गप्प झालं. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. एका स्कूटरवाल्याने जाता जाता खिडकीशी वाकून विचारलं, "काय राव, नवीन शिकताय का?"

ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे, त्याला हे विचारायचं. मिस्त्रीचे कान तापले. मागच्या सीटवर सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्यादेखत हे झालं, तेच त्याला जास्त लागलं.

कारण याच चढावर ही जुनी गाडी आधीही बंद पडायची. तेव्हा स्टिअरिंगवर त्याची बायको असायची. दर आठवड्याला ती आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात न्यायची, आणि येताना गाडी दगा द्यायची. ती घरी येऊन सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री किल्ली फिरवायचा, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू. कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून तो निकाल द्यायचा, "गाडीला काहीही झालेलं नाही. तुला क्लच सोडता येत नाही."

गॅरेजात मात्र त्याचा शिरस्ता वेगळा होता. गाडी गरम झाली की बंद पडते, असं कुणी म्हणालं, तर तो आधी बॉनेट उघडतच नसे. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावायचा, स्वतः शेजारी बसायचा, आणि ती बंद पडल्यावरच हत्यारं काढायचा. थंड गाडी खोटं बोलते, हे तो येईल त्याला ऐकवायचा. बायकोच्या शेजारी मात्र तो एकदाही बसला नव्हता.

गेल्या आठवड्यात तर कहर झाला. आईला घरी सोडून ती गाडी थेट गॅरेजात घेऊन आली. बाकावर गिऱ्हाइकं गप्पा मारत बसली होती. "अहो, मला वाटतं..." एवढंच तिने म्हटलं, तोच हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. पाय दुरुस्त करायचा पाना माझ्याकडे नाही." बाकावर हशा पिकला. तीही हसल्यासारखं हसली. "हो, माझाच पाय असेल," म्हणाली, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि चालत घरी गेली. पुन्हा म्हणून तिने गाडीला हात लावला नाही. हौसेने शिकली होती, तरी नाही. त्यामुळे सासूबाईंना दवाखान्यात नेण्याचं काम आज याच्याकडे आलं होतं.

दोघा-तिघांनी ढकलून गाडी कडेला लावून दिली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं. अशा वेळी दोनच गोष्टी बघायच्या असतात, पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का. पेट्रोल व्यवस्थित येत होतं. करंट बघायला किल्ली फिरवणारं कुणीतरी हवं होतं.

"आई, जरा पुढे येऊन किल्ली फिरवाल का?"

सासूबाई दाराला धरून सावकाश उतरल्या आणि पुढे येऊन बसल्या. "गिअर काढलाय ना?" त्यांनी विचारलं. मिस्त्रीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

त्यांनी किल्ली फिरवली. प्लगची वायर त्याने इंजिनच्या लोखंडाजवळ धरली. ठिणगीचा पत्ता नाही. मग त्याने प्लगला करंट देणाऱ्या कॉइलच्या डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. कॉइल खराब झालेली. तापली की करंट तोडायची, निवली की द्यायची. म्हणूनच सकाळी गाडी साळसूदपणे सुरू व्हायची. कालपरवा काम शिकायला लागलेल्यालाही कळावा, इतका साधा दोष होता. तो तसाच वाकून उभा राहिला. पान्याचा तो विनोद त्याला आठवला. तो करताना आपल्याला केवढी मजा वाटली होती, हेही आठवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, थोडं थांबावं लागेल," तो वर न बघताच म्हणाला. "निवल्याशिवाय सुरू व्हायची नाही."

"थांबायचं कशाला?" सासूबाईंनी दाराच्या कप्प्यातून पाण्याची बाटली काढली आणि घडी घातलेलं एक जुनं फडकं. "हे ओलं करा, घट्ट पिळा आणि त्या डब्याला गुंडाळा. वायरींत पाणी जाऊ देऊ नका. ती असंच करते."

"कोण?" त्याने विचारलं. कोण, ते त्याला कळलं होतं.

"कोण म्हणजे? तुमची बायको. गाडी बंद पडली की दर वेळी एकेका भागाला हे फडकं लावून बघायची. शेवटी हा डबा हाती लागला. त्या दिवशी तुम्हाला तेच सांगायला तर गॅरेजात आली होती."

मिस्त्री फडकं पिळत राहिला. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं. मग त्याने ते कॉइलला गुंडाळलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि हाताने खूण केली. सासूबाईंनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"मग बोलली का नाही ती?" त्याने विचारलं.

"मीही तेच विचारलं," सासूबाई म्हणाल्या. "तर म्हणते कशी, गिऱ्हाइकांसमोर मी दोष काढून दाखवला, तर उद्या ह्यांच्याकडे गाडी कोण आणेल?"