झाकणाच्या वायरी

बारावीतली चेतना गोडादरा वस्तीतल्या त्यांच्या खोलीत पप्पांना इलेक्ट्रॉनिक्समधलं अँड गेट शिकवत होती, आणि पप्पा चक्क ऐकत होते. "दोन्ही अटी पाळल्या तरच हे गेट हो म्हणतं. तुमच्या मिलमधलं कापड पिळायचं मशीन तसंच आहे. झाकणही बंद पाहिजे आणि बटणही दाबलेलं पाहिजे."

"पण झाकण जरा उचललं का मशीन थांबतं, माल कमी निघतो आणि सुपरवायझर डोकं खातो. त्यावर काही जुगाड नाही का, मास्तरीणबाई?"

मास्तरीणबाई म्हटल्यावर चेतनाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "एकदम सोप्पं आहे. झाकणाच्या स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून टाका. मग झाकण उघडं असलं तरी गेटला ते बंदच वाटणार."

पप्पांनी दुसऱ्याच दिवशी वायरी जोडल्या. आठवडाभर माल धडाधड निघाला, सुपरवायझरने चहासुद्धा पाजला. शुक्रवारी त्या मशीनवर शेजारच्या खोलीतले सुकलालकाका होते. फिरत्या मशीनमधून कापड ओढायला गेले आणि त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुकलालकाकांच्या बायको भागीरथीकाकू पप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "हेमराजभाऊ, तुम्ही तर चौथी शिकेल. तुम्हले हाई वायरीनं कोनी शिकाडं?"

चेतना पुढे झाली. पप्पांनी तिच्याकडे न बघताच तिला हाताने मागे सारलं.

"कोनीच नही, वहिनी. मन्हंच डोकं चालनं."