खुर्चीचा मानकरी

लेकीसाठी गाडीतली सुरक्षित खुर्ची निवडायला निरंजनने अख्खा महिना घालवला. धडकेच्या चाचण्यांचे व्हिडिओ पाठ केले, दुकानदाराचं डोकं खाल्लं. “मांडीवर घट्ट धरून बसेन की मी,” म्हणणाऱ्या आईलाही त्याने सुनावलं, “हात म्हणजे पट्टा नव्हे!”

आज गणपतीची शाडूची मूर्ती घरी न्यायची होती आणि रस्ता सगळा खड्ड्यांचा. निरंजनचं डोकं झटकन चाललं. बाप्पाची माफी मागून त्याने मूर्ती त्या खुर्चीत बसवली, पट्टा आवळला आणि लेकीला मागे शेजारीच बसलेल्या बायकोच्या मांडीवर दिलं.

पहिल्याच खड्ड्यापाशी त्याने करकचून ब्रेक मारला आणि वळून पाहिलं. रुमालाखालचे बाप्पा तसूभरही हलले नव्हते. “याला म्हणतात खुर्ची!” तो छाती फुगवून म्हणाला.

तेवढ्यात लेकीने भोकाड पसरलं. पुढच्या सीटवर आपटून तिच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं.

घरापर्यंत गाडी बायकोने चालवली. खुर्चीत मुसमुसणारी लेक, आणि शेजारी बाप्पाला पोटाशी कवटाळून निरंजन.

“घट्ट धर हं,” बायको आरशातून बघत म्हणाली. “हात म्हणजे पट्टा नव्हे.”