एका ईमेलवरच्या अकराजणी

"कुंदाताई, आपण ज्यांना पत्रं पाठवतो ती यादी लख्ख केली! एकाच ईमेलवर अकरा नावं होती, त्यांचं एकच केलं," निहार ऐटीत म्हणाला.

बियाणं जपणाऱ्या त्या संस्थेत कुंदाताईंचा आज शेवटचा दिवस होता, निहारचा पहिला आठवडा. ताईंनी हातातला पेढा खाली ठेवला.

"अरे शहाण्या, पाड्यावर कॉम्प्युटर एकच, शाळेतला. पण बायका अकरा. गुरुजी एकेकीला हाक मारून आपण तिला धाडलेलं पत्र वाचून दाखवतात. तिच्या नावानं आणखी कुणाचं पत्र येतं रे?"

निहार ओशाळला. ताई मात्र डोळे मिटून सांगू लागल्या, "लिही. बुधी, लाल नाचणी जपते. सोनकी, नातवाचा पाय मोडलाय..."

अकरावं नाव येईतो निहारची बोटं हळू झाली होती. "ताई, पुढची पत्रं मी लिहिणार. प्रत्येकीला काय काय विचारायचं, तेही सांगा."